चिनी संगिनी ओळखायच्या कशा? पातं नंतर बघा, आधी मागचं टोक बघा

माझ्याकडे आलेली पहिली चिनी संगीन मी चिनी म्हणून घेतलीच नव्हती. इथे ओहायोत एका गन शोमध्ये टेबलावर एक काळपट तीन धारांचा सुळा, म्हणजे चपट्या पात्याऐवजी टोचायचं टोक असलेली संगीन, पडला होता आणि टेबलवाला म्हणाला, हा रशियन एसकेएस रायफलचा, १९४९ चा, पहिल्या वर्षाचा माल, पुन्हा मिळायचा नाही. मी घासाघीस न करता पैसे मोजले आणि हवेत तरंगत घरी आलो. दोन महिन्यांनी एका जुन्या कलेक्टर काकांना दाखवला तर त्यांनी पात्याकडे बघितलंसुद्धा नाही, उलटा करून बिजागरीची बाजू बघितली, आत गेले, त्यांच्या चिनी रायफलवरचा सुळा काढून आणला आणि शेजारी ठेवला. भोक तेच, खाच तीच, सगळं तंतोतंत. असे चिनी सुळे लाखांनी बनलेत आणि मी मोजले होते तिप्पट पैसे.

त्या दिवसापासून नियम एकच, संगीन बंदुकीला जिथे अडकते ते टोक आधी बघायचं. पातं घासता येतं, रंगवता येतं, कापून आखूड करता येतं, पण अडकायची जागा कुठल्या रायफलसाठी केलीय हे सहसा लपत नाही. हा लेखही त्याच नियमावर आहे, फक्त त्याआधी कायदा आणि नावांचा गोंधळ उरकून घेऊ.

पहिली पायरी: कायदा, कारण भारतातून खूप जण विचारतात

भारतात संगीन म्हणजे शोभेची वस्तू असं धरून चालू नका. आर्म्स रूल्स २०१६ च्या यादीत तलवार, खंजीर, भाला यांच्यासोबत संगीन नावानिशी लिहिलेली आहे, आणि ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची गोष्टही तिथेच येते. बाहेरून मागवायची तर आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम १० प्रमाणे आयातीचं लायसन्स लागतं, म्हणजे ऑनलाइन ऑर्डर करून कस्टममध्ये नशीब आजमावू नका. घरात ठेवायला लायसन्स लागेल का हे कलम ४ खाली तुमचा भाग नोटिफाय झालाय का यावर आहे, त्यामुळे पोलीस आयुक्तालयात किंवा कलेक्टर ऑफिसच्या शस्त्र परवाना शाखेत विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. अमेरिकेत नियम राज्यागणिक बदलतात आणि संगीन सुटी असताना वेगळे, रायफलवर असताना वेगळे. खुद्द चीनमध्येही तीन धारांची पाती नियंत्रित हत्यारांत मोडतात, त्यामुळे तिथे फिरायला गेलेल्या मित्राला "येताना एक घेऊन ये" असं चुकूनही सांगू नका.

दुसरी पायरी: नावातलं वर्ष कुठल्या कॅलेंडरचं?

आपल्याला शके आणि इसवी सनातला ७८ चा फरक पाठ असतो, तसंच इथे करायचं. चिनी हत्यारांच्या नावात आकडा असतो आणि नवखा माणूस तिथेच गोंधळतो, कारण कॅलेंडर चार आहेत.

'हानयांग ८८' मधला ८८ हा जर्मन, कारण ती १८८८ च्या जर्मन रायफलची नक्कल. हानयांग कारखान्यात ती १८९५ पासून १९४४ पर्यंत बनत राहिली, पन्नास वर्षं एकच डिझाइन, विचार करा. मग प्रजासत्ताक आलं, त्यांचं मिंग्वो कॅलेंडर, त्यात १९११ मिळवायचे. म्हणजे मंचुरियातल्या मुकदेन कारखान्याची टाइप १३ ही १९२४ ची, आणि टाइप २४ म्हणजे १९३५, हीच पुढे राष्ट्रवादी नेता च्यांग कै-शेकच्या नावाने 'चुंगचंग' रायफल म्हणून ओळखली गेली. जपानी टाइप ३० संगीन चीनमध्ये ढिगाने सापडते, तिचा ३० मेजी राजवटीचा, १८६७ मिळवा, १८९७ आलं. आणि १९४९ नंतर कम्युनिस्ट राजवटीत सरळ इसवी सनाचे शेवटचे दोन आकडे, टाइप ५३, टाइप ५६, टाइप ८१.

त्यातही ५६ ही खास डोकेदुखी. रशियन एसकेएसची नक्कल टाइप ५६, रशियन एके-४७ ची नक्कलही टाइप ५६, आणि आरपीडी मशीनगनची नक्कल तीपण टाइप ५६! कुणी "टाइप ५६ ची संगीन आहे" म्हणाला की लगेच विचारायचं, कार्बाइनची (म्हणजे एसकेएस) का असॉल्ट रायफलची (म्हणजे एके).

तिसरी पायरी: उलटी धरा आणि मागचं टोक बघा

आता पीस हातात आलाय. मूठ आहे का? मुठीच्या मागे रायफलच्या लगवर, म्हणजे नळीखालच्या छोट्या खुंटीवर, सरकायला खोबण आणि एक दाबायचं बटण आहे का, पुढे आडव्या पट्टीवर नळीवर चढवायची कडी आहे का? असेल तर ती काढता-लावता येणारी संगीन. आणि मुठीऐवजी एक नळकांडं, आत स्प्रिंग, मागे आरपार भोक असेल तर ती घडीची, रायफलवर कायम राहणारी. या एका प्रश्नाने अर्धं काम होतं, कारण माओच्या चीनमधला जवळजवळ सगळा माल दुसऱ्या प्रकारात येतो आणि त्याच्या आधीचा बहुतेक पहिल्या प्रकारात.

घडीच्या संगिनी

इथे जरा थांबू, कारण नव्याने सुरू करणाऱ्याला हेच सगळ्यात जास्त दिसणार.

सगळ्यात आधी टाइप ५३. ही रशियन मोसिन एम ४४ कार्बाइनची नक्कल, १९५३ पासून. संगीन रायफलच्या उजव्या बाजूला दुमडते, खाली नाही, बाजूला. सुळ्याला चारी बाजूंनी खोलगट चर, म्हणजे आडवा छेद घेतला तर फुलीसारखा दिसेल, आणि टोक सुईसारखं नसतं, ते स्क्रू ड्रायव्हरसारखं चपटं असतं. बरेच जण हे टोक बघून "कुणीतरी घासलंय" म्हणून पीस सोडून देतात, सोडू नका, ते तसंच बनवलेलं आहे.

मग टाइप ५६ कार्बाइन, म्हणजे एसकेएस. ही खाली आणि मागे दुमडते. सुरुवातीच्या वर्षांत रशियन पद्धतीचं चपटं पातं होतं, सुरीसारखं, आणि १९६० च्या दशकाच्या मध्यावर चिन्यांनी ते सोडून तीन धारांचा सुळा बसवला. चिनी लोक त्याला 'सान-लंग-त्स्' म्हणतात, शब्दशः तीन कडांची संगीन. त्यामुळे चपट्या पात्याची चिनी एसकेएस दिसली तर ती तुलनेने जुनी आणि कमी मिळणारी, किंवा मग कुणीतरी रशियन पातं आणून लावलेलं. हे कसं कळणार? रायफल सोबत असेल तर तिच्यावरचा नंबर बघा. त्रिकोणात २६ असा शिक्का असलेल्या, म्हणजे छोंगछिंगच्या ज्यान्श कारखान्याच्या एसकेएसवर कलेक्टर लोकांचा एक ठोकताळा चालतो, नंबर जितक्या दशलक्षांत तो आकडा १९५६ मध्ये मिळवायचा. ९० लाखांच्या घरातला नंबर म्हणजे ९ दशलक्ष, म्हणजे १९६५ च्या आसपास. हा ठोकताळाच आहे हां, जन्मदाखला नाही, पण २४ दशलक्षच्या रायफलवर चपटं पातं दिसलं तर प्रश्न विचारायला पुरेसा आहे.

तिसरी टाइप ५६ असॉल्ट रायफल. चिनी एके लांबून ओळखायची तर ही संगीनच बघायची, कारण रशियनांनी एकेला काढता येणारी संगीन दिली आणि चिन्यांनी मात्र नळीखाली दुमडणारा सुळा कायमचा अडकवून टाकला. व्हिएतनाम युद्धातल्या फोटोंत ती खूप दिसते. हा सुळाही तीन धारांचा, त्यामुळे सुटा पडला की एसकेएसच्या सुळ्यात आणि यात गोंधळ होतोच होतो. उपाय एकच, कडीचा आतला व्यास आणि बिजागरीच्या भागाची रुंदी व्हर्नियर कॅलिपरने मोजा आणि खात्रीच्या पीसशी ताडून बघा. नुसता फोटो बघून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मीसुद्धा फोटोवरून सांगत नाही. टाइप ६३ रायफललाही असाच घडीचा सुळा असतो पण ती रायफलच कमी दिसते, त्यामुळे सुटा सुळा '६३ चा' म्हणून जास्त पैशाला विकणाऱ्याकडे पुरावा मागा.

अमेरिकेत हे सुळे इतके सुटे का मिळतात? एसकेएसची संगीन बिजागरीच्या एका स्क्रूवर असते, तो काढला की निघाली. आयातीचे नियम बदलत गेले, १९८९ नंतर कडक झाले, १९९४ मध्ये चिनी रायफलींची आयात बंदच झाली, त्याच वर्षी असॉल्ट वेपन बंदीत संगिनीची जागा असणं हा एक निकष धरला गेला आणि तो २००४ पर्यंत राहिला. या गडबडीत दुकानदारांनी आणि मालकांनी संगिनी काढून डब्यात टाकल्या, ते डबे आता टेबलांवर येतात.

अल्बानियाची एक भानगडही लक्षात ठेवा. १९६१ च्या सुमारास अल्बानियाचं मॉस्कोशी फाटलं आणि चीनशी जमलं, मग त्यांनी चिनी धर्तीवर स्वतःची एसकेएस बनवली, तिलाही सुळाच आहे. रायफल पूर्ण असेल तर लगेच कळतं, अल्बानियनचं पुढचं लाकूड लांब असतं. सुटा सुळा असेल तर मी वहीत 'चिनी किंवा अल्बानियन' असंच लिहितो.

मूठ असलेल्या जुन्या संगिनी

इथे मजा आहे आणि फसवणूकही इथेच. १९३० च्या दशकातला चीन म्हणजे शस्त्रांचा जुना बाजार होता, प्रत्येक सरदाराचा वेगळा कारखाना, वेगळा पुरवठादार. चेक व्हीझेड २४ रायफली आल्या, बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या आल्या, जर्मन माल आला, आणि या सगळ्या जर्मन माउझर रायफलीच्या कुळातल्या असल्याने संगिनी दिसायला चुलतभावंडं. चेक व्हीझेड २४ ची खूण सोपी, तिची धार उलटी असते, म्हणजे रायफलवर लावल्यावर धार वर, कडीच्या बाजूला येते. बाकीच्यांची खाली. एवढं बघितलं तरी एक गठ्ठा वेगळा होतो. पण चेक संगीन म्हणजे चीनला गेलेली संगीन असं होत नाही, व्हीझेड २४ जगभर विकली गेली होती, मग चीनचा काही शिक्का, चिनी अंक किंवा चिनी मूळ असलेलं म्यान असल्याशिवाय 'चिनी' म्हणून जास्त पैसे का द्यायचे?

च्यांग कै-शेक रायफलची संगीन मात्र अस्सल चिनी गोष्ट. रायफल साधारण १११ सेंटीमीटर, समोर जपानी टाइप ३८ रायफल १२८ सेंटीमीटरची आणि तिच्यावर ४० सेंटीमीटर पात्याची टाइप ३० संगीन. समोरासमोर भिडले की चिनी शिपाई जवळजवळ एक वीत कमी पडायचा. म्हणून चिन्यांनी रायफल जर्मन पद्धतीची घेतली पण पातं जर्मनांपेक्षा लांब केलं. हातात जर्मन वळणाची मूठ आणि वाजवीपेक्षा लांब पातं आलं की कान टवकारायचे. बऱ्याच तुकड्यांना तर संगिनीच नव्हत्या, ते पाठीवर दादाओ नावाची रुंद तलवार बांधून फिरायचे, १९३३ मध्ये शिफंगखोच्या लढाईत २९ व्या सैन्याने ती गाजवली. दादाओ हा वेगळा विषय, आणि नकली दादाओ हा त्याहून मोठा.

जपानी टाइप ३० वर दोन शब्द. पुढे हुकासारखी वाकलेली आडपट्टी, ४० सेंटीमीटरचं पातं, एवढ्यावर ओळख पटते, युद्धाच्या शेवटच्या काळात हूक जाऊन पट्टी सरळ झाली आणि कामही ओबडधोबड झालं. १९४५ नंतर जपान्यांनी टाकलेला माल च्यांगच्या राष्ट्रवाद्यांनी वापरला, कम्युनिस्टांनी वापरला, मंचुरियात रशियनांनी ताब्यात घेतलेला कम्युनिस्टांनाच दिला, आणि १९५० मध्ये तो कोरियात पोचला. म्हणजे जपानी संगीन 'चिनी वापरातली' असणं अगदी शक्य आहे, फक्त प्रत्येक टाइप ३० विकणारा तीच गोष्ट सांगतो.

आपल्याकडचा एक धागा इथे जुळतो आणि तो मला स्वतःला फार आवडतो. १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून माघार घेऊन आलेल्या चिनी फौजांना तेव्हाच्या बिहारमधल्या, आता झारखंडमधल्या रामगढला अमेरिकनांनी नव्याने ट्रेनिंग दिलं आणि त्यांच्या हाती अमेरिकन एम १९१७ रायफली दिल्या. तिची संगीन लांबलचक, १७ इंचांचं पातं, आणि लाकडी मुठीवर दोन आडवे खोल चर, ही पटकन दिसणारी खूण. पात्यावर रेमिंग्टन किंवा विंचेस्टरचं नाव. म्हणजे चिनी सैन्याची, भारतात दिलेली, अमेरिकन संगीन! पण रामगढला गेलेल्या पीसवर तसं काही लिहिलेलं नसतं, त्यामुळे माझ्याकडची एम १९१७ मी साधी एम १९१७ म्हणूनच घेतली, साध्या भावात.

नवीन माल, थोडक्यात

टाइप ८१ पासून चिनी पुन्हा काढता येणाऱ्या संगिनीकडे वळले, खंजिरासारखं पातं, हातातही वापरता येईल असं. मग ९५ रायफलची क्यूएनएल ९५, ही बहुउपयोगी सुरी, पात्याला भोक आणि म्यानावर खुंटी, दोन्ही जोडले की तार कापायची कात्री होते, कल्पना मूळची रशियन एकेएम रायफलच्या संगिनीची. खरी क्यूएनएल बाजारात फार कमी, नकला मात्र रग्गड. हा भाग मी स्वतः गोळा करत नाही, त्यामुळे सल्लाही देत नाही.

शिक्के वाचायला चार अक्षरं पुरतात

चिनी यायला हवं असं नाही. एक, दोन, तीन म्हणजे तितक्याच आडव्या रेघा. सहा म्हणजे आडव्या रेघेवर एक टिंब आणि खाली फाकलेल्या दोन तंगड्या. आठ म्हणजे छपरासारख्या दोन तिरक्या रेघा, वर न जुळलेल्या. दहा म्हणजे अधिकचं चिन्ह. आणि आकड्यांमागे जे अक्षर येतं ते 'शी', म्हणजे टाइप. कागदावर वीस वेळा गिरवा, टेबलापुढे उभं राहून मोबाइल काढावा लागणार नाही.

शिक्का पुसट असेल तर अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवी धरा, सावलीत अक्षरं उठून दिसतात. खडूची पूड चोळली तरी चालते. ॲसिड, सँडपेपर, वायर ब्रश यातलं काहीही नको. शिक्का घासून गेला की परत येत नाही. आणि बऱ्याच सुट्या चिनी सुळ्यांवर काहीच नसतं किंवा नुसता एखादा छोटा आकडा असतो, त्यामुळे शिक्का नाही म्हणजे नकली असं नाही. उलट मीच सांगेन, इंग्रजीत मोठ्या अक्षरात देशाचं आणि सैन्याचं नाव, वर चमकता लाल तारा, असं सगळं एकाच सुळ्यावर असेल तर तो सैन्यात कधी गेलेलाच नाही.

गोष्टी विकत घेऊ नका

तीन धारांच्या सुळ्याबद्दल दोन दंतकथा हमखास ऐकाल. एक, स्टीलमध्ये आर्सेनिक आहे म्हणून त्याच्यावर पांढुरकी झाक येते आणि जखम विषारी होते. दुसरी, जिनिव्हा कराराने त्याच्यावर बंदी आहे. दोन्ही फेकाफेकी. झाक पृष्ठभागावरच्या प्रक्रियेची असते, आणि तीन कडांचं खरं कारण कंटाळवाणं आहे, कमी धातूत न वाकणारा कडक सुळा होतो. पण या गोष्टींच्या जिवावर मूठ, स्क्रू, गोफ लावलेले '५६ चे कमांडो खंजीर' विकले जातात. चिनी सैन्याचा ५६ चा सुळा रायफलवर बिजागरीने अडकतो, त्याला हातात धरायची वेगळी मूठ नसते. मूठ दिसली, पुढच्या टेबलावर चला.

वही आणि साफसफाई

घरी आणल्यावर आधी मोजा, मग पुसा. एकूण लांबी, पात्याची लांबी, कडीचा आतला व्यास, बिजागरीची किंवा खोबणीची रुंदी, वजन, सहा बाजूंनी फोटो. विकणाऱ्याने सांगितलेली गोष्ट मी पेन्सिलने लिहितो आणि मी स्वतः मोजलेलं पेनने, म्हणजे दहा वर्षांनी वाचताना कळतं काय कुठून आलं.

गोदामातून आलेल्या मालावर तपकिरी चिकट ग्रीस असतं, ते मिनरल स्पिरिटने जातं, स्प्रिंगच्या नळकांड्यात मात्र आत राहतं आणि उन्हाळ्यात गळत बसतं, तिथे उकळतं पाणी ओतायचं, लगेच पूर्ण वाळवायचं आणि तेल लावायचं. लाल गंज असेल तर तेल आणि अगदी बारीक, चार शून्यांची स्टील वूल, हलक्या हाताने, आणि धातूवरची काळी झालेली जुनी झाक तशीच राहू द्यायची, ती चकचकीत केली की किंमत निम्मी. शेवटी मेणाचा पातळ हात. कोकण-मुंबईच्या हवेत ज्यांच्याकडे आजोबांची एखादी कायदेशीर जुनी संगीन असेल त्यांनी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि पावसाळ्यात महिन्याला एकदा उघडून बघावं. आणि चामड्याच्या म्यानात पातं घालून कपाटात ठेवायचं नाही, कितीही छान दिसलं तरी, चामडं ओल धरतं आणि गंज नेमका आतून, न दिसणाऱ्या बाजूने चढतो. म्यान शेजारी, संगीन शेजारी.